नर्सिंग होम, वृद्धाश्रम की केअर सेंटर? आई-वडिलांना ठेवण्याआधी काय तपासायचं?

आजी बाथरूममध्ये पडतात. खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि आठवड्याभरात हॉस्पिटल सांगतं, आता घरी न्या. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा-सून दोघंही नोकरीवर. ब्युरोकडून आलेली बाई चार दिवसांत काम सोडते. मग कुणीतरी एका केअर सेंटरचा नंबर देतं, "तिथे सगळं तेच बघतात." फोनवर महिन्याचा आकडा ठरतो, डिपॉझिट भरलं जातं आणि अ‍ॅम्ब्युलन्स थेट तिकडे जाते.

या धावपळीत एक प्रश्न राहून जातो. ही जागा कायद्याच्या भाषेत नेमकी आहे तरी काय?

पाटीवर एक, परवान्यावर दुसरं

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नर्सिंग होम म्हटलं की वृद्धांच्या दीर्घकाळ शुश्रूषेची जागा डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी हॉस्पिटल, बऱ्याचदा बाळंतपणाचं. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. शहरात महापालिका, तर ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक ही नोंदणी देतात. २०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत मोठे बदल झाले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं तेव्हापासून बंधनकारक आहे.

वृद्धाश्रमांचा संबंध येतो तो २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायद्याशी. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक वृद्धाश्रम असावा, ही कल्पना त्यातलीच. पण त्या कायद्याचा भर चालत्या-फिरत्या, निराधार माणसाच्या निवाऱ्यावर आहे. नाकातून नळी, लघवीची पिशवी आणि स्मृतिभ्रंश असलेल्या, महिन्याला पैसे भरून ठेवलेल्या माणसाचं काय?

इथे मोठी फट आहे. अनेक केअर सेंटर ट्रस्ट, कंपनी किंवा दुकान-आस्थापना म्हणून नोंदवलेली असतात. म्हणजे नोंदणी असते, पण ती शुश्रूषेच्या दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. ही फट बुजवायला केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आणलं होतं. ज्येष्ठांची केअर होम आणि घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सी यांची सक्तीची नोंदणी आणि किमान निकष त्यात होते. विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं.

त्यामुळे "आमच्याकडे रजिस्ट्रेशन आहे" हे उत्तर पुरेसं नाही. कोणत्या कायद्याखालचं, हे विचारायचं आणि कागद बघायचा. सलाइन, इंजेक्शन, ऑक्सिजन असे उपचार तिथेच होत असतील तर शुश्रूषागृहाची नोंदणी मागायलाच हवी.

चादर उचलून बघा

स्वागतकक्षातला सोफा, बागेतला झोपाळा, गणपतीत काढलेले फोटो यांवरून शुश्रूषा कळत नाही. ती कळते पाठीवरून.

बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा, माकडहाड, खुबा, टाच अशा हाड वर आलेल्या जागी होतात. शरीराचा भार एकाच ठिकाणी राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो. ओलं डायपर, मधुमेह आणि कमी खाणं यांनी जखम आणखी लवकर होते. सुरुवात साध्या लाल डागाने होते. बोटाने दाबूनही तो फिका पडत नसेल तर धोका आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही, तेव्हा ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हे हाताने पाहावं लागतं. दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते, रक्तात जंतुसंसर्ग होतो आणि माणूस त्यातून दगावू शकतो. लाल जागी स्पिरिट-पावडर लावून जोरात चोळण्याची जुनी सवय तर उलट खालच्या पेशींना इजा करते.

उपाय माहीत असलेलाच आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. एअर बेडने मदत होते, पण तो कूस बदलण्याला पर्याय नाही.

आता हिशोब मांडून बघा. एका मजल्यावर अंथरुणाला खिळलेले २० जण आहेत आणि रात्री एकच मावशी. एकाची कूस बदलून, डायपर पाहून, चादर सारखी करायला १० मिनिटं धरली तर एका फेरीला २०० मिनिटं लागतात. हातात आहेत १२०. त्यात जड माणसाला वळवायला दोघं लागतात. मावशी कितीही प्रेमळ असली तरी हे गणित सुटत नाही. अशा ठिकाणच्या जखमेचा दोष मावशीच्या माथी मारणं सोपं असतं; खरं तर ती जखम ड्युटीचा तक्ता लिहिला तेव्हाच ठरलेली असते.

म्हणून "स्टाफ किती?" असं न विचारता "रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात?" असं विचारा. त्यात जीएनएम किंवा एएनएम झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली नर्स आहे का? पांढरा गणवेश घातलेली प्रत्येक व्यक्ती नर्स नसते. कूस बदलल्याची नोंदवही असेल तर ती पाहायला मागा. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, ठीक दोन-दोन तासांनी असतील तर ती वही बहुधा सकाळी एका बैठकीत भरलेली आहे.

प्रत्येक बेडसोर म्हणजे हलगर्जी, असंही नाही. आजाराच्या शेवटच्या टप्प्यात उत्तम काळजी घेऊनही जखम होऊ शकते. पण ती घरच्यांना कधी कळवली, यावरून संस्था ओळखता येते.

बांधून ठेवणं आणि झोपवून ठेवणं

स्मृतिभ्रंश असलेले आजोबा रात्री उठतात, नळी ओढतात. अशा वेळी हात पलंगाला बांधले जातात किंवा झोपेचं औषध वाढतं. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या रहिवाशांना शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्याला मनाई केली. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना भ्रम आणि आक्रमकता यांवरची काही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा तिथल्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. आपल्याकडे प्रवेशाच्या फॉर्मवर घरचे सगळीकडे सह्या करतात, त्यात बांधण्याची संमतीही असू शकते. तो फॉर्म वाचा. भेटीला गेल्यावर माणूस कायम गुंगीत दिसत असेल तर औषधांचा चार्ट मागा आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळनंतर पाणी कमी देणं हाही तसलाच सोयीचा प्रकार. डायपर कमी भरतं खरं, पण शरीरातलं पाणी घटतं आणि लघवीचा संसर्ग होऊ शकतो. वृद्धांमध्ये असा संसर्ग तापाऐवजी अचानक असंबद्ध बोलण्यातून दिसू शकतो, आणि घरच्यांना वाटतं, वयच झालं.

आग लागली तर?

१ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलाश-२ मधल्या ज्येष्ठांच्या केअर होमला आग लागली. दोन वृद्ध महिला त्यात दगावल्या. आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात दहा बाळांचा जीव गेला. दोन्हीकडे माणसं अशी होती की ज्यांना उठून पळता येणार नव्हतं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावं लागतं. ते मागायला लाजायचं कारण नाही. शिवाय जिन्यात गाद्या रचल्या आहेत का, खिडक्यांच्या ग्रिल उघडतात का आणि न चालणाऱ्यांना वरच्या मजल्यावर ठेवलं आहे का, हे स्वतः बघा.

तक्रार कुठे करायची?

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही आहे. शुश्रूषागृह म्हणून नोंदलेल्या जागेबद्दल महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाता येतं. पैसे भरून घेतलेल्या सेवेत त्रुटी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी पावत्या, करार आणि तारखेसह जखमेचे फोटो लागतील. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच, अंगावर आधीपासून काही जखमा असल्यास, त्यांची लेखी नोंद दोघांच्या सह्यांनी करून घ्यावी. संस्थेलाही ते सोयीचंच असतं, कारण काही रुग्ण हॉस्पिटलमधूनच बेडसोर घेऊन येतात.

डिपॉझिट परत मिळण्याच्या अटी, मधेच हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं तर निर्णय कोण घेणार आणि भेटीच्या वेळा या तीन गोष्टी करारात लिहून घ्या. भेटायला फक्त रविवारी चार ते पाच ही वेळ असेल तर पुढची चौकशी इथेच थांबवली तरी चालेल. आणि जिथे कधीही या म्हणतात, तिथे एकदा खरंच रात्री जेवणानंतर, न कळवता जाऊन या.