कुलूप शाबूत, कोयंडा तुटलेला

दिवाळीनंतर जालना जिल्ह्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि घराला महिनोन्‌महिने कुलूप लागतं. उन्हाळ्यात माणसं माळवदावर, गच्चीवर झोपतात. खाली दार बंद. चोराला हेच हवं असतं.

घरफोडीच्या बातमीत 'कडी-कोयंडा तोडून' हे शब्द बहुधा असतातच. कुलूप उघडायला कसब लागतं, पण कोयंडा उखडायला पहार पुरते. ९० सेंटिमीटरची पहार टोकापासून ५ सेंटिमीटरवर टेकवली, तर जोर सुमारे १७ पट होतो. २० किलोचा दाब ३४० किलोचा बनतो! लाकडात अर्धा-पाऊण इंच शिरलेले स्क्रू त्यापुढे टिकत नाहीत. आपण महागडं कुलूप आणतो आणि कोयंडा मात्र जुनाच ठेवतो, हे मला फार खटकतं.

उपाय स्वस्त आहे. स्क्रू काढून दाराच्या आरपार जाणारे, बाहेरून गोल गुळगुळीत डोक्याचे बोल्ट घाला. आतून रुंद वायसर आणि नट लावा, म्हणजे ताण साऱ्या फळीवर पसरतो. चौकट कुजली असेल तर आधी ती बदला. सळया बनवणाऱ्या जालन्यात चांगला लोहार, फॅब्रिकेटर शोधावा लागत नाही. खिडकीचे गजही भिंतीत खोल बसवून घ्या.

गावाला जाताना दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा. रात्री संशयास्पद हालचाल दिसली तर एकट्याने सामोरे जाऊ नका. लगेच ११२ लावा.