आकडा का सुटत नाही?

दीपनगरच्या वीजकेंद्रात माझा बाप ठेकेदाराकडे राखेच्या कामावर होता. पगार सात तारखेला होणार की वीसला, हे मुकादमालाही ठाऊक नसे. कल्याणचा ओपन आणि क्लोज मात्र ठरल्या वेळी येई. मी बारावीत असताना माझ्या फीचे पैसे त्याने पाचवर लावले. चार आला. "एका घरानं गेला रे पोरा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते, चमक होती. माय रात्रभर बोलली नाही.

आपले कार्यकर्ते मटक्याविरुद्ध बोलतात तेव्हा सिगालोवाद सुत्ताचा दाखला देतात. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, हे तिथे सांगितलेच आहे आणि ते मी घरात पाहिले आहे. पण हे झाले परिणाम. माणूस अडकतो कसा, हा प्रश्न वेगळा. धर्मराज द्यूतात बायको हरतो तेव्हा महाकाव्य होते. हमाल हरला की आपण त्याला अडाणी म्हणतो!

मटक्याआधी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि मिटत्या भावावर पैसे लागत. ओपन-क्लोज हे शब्द तिथले. (कपाशी वेचणाऱ्या आमच्या खानदेशाने हे ध्यानात ठेवावे.) ते भाव बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकड्यांचा धंदा उभा केला.

स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक टोची मारल्यावर दाणा मिळाला, तर दाणा बंद होताच कबुतर लवकर थांबते. दाणा कधी तिसऱ्या, कधी चाळिसाव्या टोचीला मिळाला, तर तो बंद झाल्यावरही ते टोचत राहते. २००३ मध्ये माकडांवरील संशोधनात दिसले की, बक्षीस मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी असते तेव्हा वाट पाहण्याच्या काळातच मेंदूतील डोपामिनच्या पेशी सर्वाधिक जाग्या राहतात. म्हणजे ओढ पैशाची जेवढी, तेवढीच ओपन फुटण्यापूर्वीच्या त्या तासाची. आणि हुकलेला आकडा? २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळले की थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे जिंकण्याच्या वेळचेच भाग चेततात. बापाच्या चेहऱ्यावरची चमक ती हीच. वास्तविक चार हा पाचच्या शेजारी आपल्या मोजणीत आहे. चिठ्ठीच्या दृष्टीने तो नऊइतकाच लांब.

तेव्हा नुसत्या शपथांनी भागत नाही. माय पगाराच्या दिवशी गेटवर उभी राहू लागली, बापाने चहाची टपरी बदलली, उधारी देणाऱ्यांना आम्ही भावंडांनी हात जोडून सांगितले; मग तीन वर्षांनी आकडा सुटला. मध्ये दोनदा पुन्हा लागला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या यादीत हा विकार म्हणूनच नोंदलेला आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

२०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. तरीही गेल्या महिन्यात माझा एक विद्यार्थी मोबाईल घेऊन आला. त्यात तोच कल्याणचा आकडा. "सर, गेलेले तेवढे परत आले की बंद करतो."

मी फळ्यावर शंभर लिहिले. दहा आकडे, लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे दर फेरीला सरासरी दहावा हिस्सा बुकीचा. आलेले पुन्हा लावत गेलास तर शंभराचे नव्वद, नव्वदचे एक्क्याऐंशी. पुढचे आकडे त्यालाच काढायला लावले. सातव्या फेरीला अठ्ठेचाळीसच्या आत आल्यावर त्याने खडू खाली ठेवला आणि घरी कोणाला सांगू, असे विचारले.