चिलटाच्या पोटातले आठ-दहा दिवस



भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. लेंडीखतासाठी आपण कळप शेतात बसवून घेतो. अशात एखादी मेंढी तापाने पडली, ओठ-तोंड सुजलं, नाक गळायला लागलं, लंगडायला लागली, की आपण म्हणतो, "रोग मेंढ्यांनी आणला." धनगर म्हणतात, "तुमच्या गावात आलो नि लागला." भांडण दोघांचं, पण रोग इकडून तिकडे नेणारं तिसरंच कुणी असतं. चावणारं चिलट.

पिकल्या केळ्यावर घोंघावतात ती चिलटं वेगळी. हे एक ते तीन मिलिमीटरचं, जवळपास दिसतच नाही. दिवेलागणीला आणि पहाटे चावतं. साध्या मच्छरदाणीच्या भोकातूनसुद्धा आत येतं. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं.

ह्या रोगाला निळी जीभ म्हणतात, डॉक्टर 'ब्लू टंग' म्हणतात. नाव तसं असलं तरी जीभ दर वेळी निळी पडतेच असं नाही. भारतात याची पहिली नोंद 1964 साली आपल्याच महाराष्ट्रात, शेळ्या-मेंढ्यांत झाली. चिलटामुळे तो पसरतो हे त्याआधी 1944 साली दक्षिण आफ्रिकेत सिद्ध झालं होतं.

आता नीट बघा. मादीने आजारी जनावराचं रक्त प्यायलं म्हणून ती लगेच दुसऱ्याला रोग देत नाही. विषाणू आधी तिच्या आतड्यात शिरतो. पुष्कळ चिलटांत तो तिथेच अडतो. ज्यांच्यात अडत नाही, त्यांच्यात वाढतो, अंगभर पसरतो आणि शेवटी लाळेच्या ग्रंथीत पोचतो. आपल्याकडच्या उबेत याला साधारण आठ-दहा दिवस लागतात, गारठ्यात जास्त. तेवढे दिवस जगली, तरच तिची पुढची चावणी रोगाची. मग मरेपर्यंत ती विषाणू बाळगते. बहुतेक चिलटं त्याआधीच मरतात, हे आपलं नशीब. पण उकिरड्याजवळ हजारोंनी असली, तर थोडी उरलेलीही पुरतात.

आणि चिलट रक्त पितं कुणाचं? गाय, म्हैस, बहुतेक शेळ्या यांना रोग होऊनही वरून काही दिसत नाही. गाय चारा खाते, दूध देते, आणि तिच्या रक्तात विषाणू दोन महिन्यांपर्यंत राहू शकतो. मरते ती मेंढी. म्हणून आजारी मेंढी वेगळी बांधली की झालं, असं समजू नका. तिची देखभाल सोपी होते, पण चिलटाला दावं नसतं. माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

चिलटं वाढतात शेण-मूत मिसळलेल्या ओल्या चिखलात. गोठ्यामागचा सांडपाण्याचा चर, उघडा उकिरडा, म्हशी लोळतात ते डबकं. गोठ्याचं पाणी चर काढून लांब न्या, शेणखड्डा झाका, डबकं बुजवा. जनावरं दिवेलागणीआधीच आत घ्या. कडुलिंबाच्या पाल्याची धुरी दिली तर चिलटं थोडा वेळ लांब राहतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. एका जनावराला टोचलेली सुई दुसऱ्याला वापरू देऊ नका, रक्तातून विषाणू तशीही जातो. शेळ्या-मेंढ्यांसाठी पाच जातींच्या विषाणूंवर एकत्र लस आहे, पावसाआधी दवाखान्यात विचारून ठेवा.

गायी-म्हशींचा तिवा आपल्या ओळखीचा आहे. तोही डास आणि चिलटंच पसरवतात. यात एक चूक फार होते. तापलेलं जनावर गिळू शकत नाही, तरी आपण नळकांड्याने काढा पाजतो. तो फुप्फुसात जातो आणि तीन दिवसांत उठलं असतं ते जनावर न्यूमोनियाने जातं. गटाच्या कर्जातून घेतलेलं असलं तर हप्ता तेवढा मागे राहतो.

तेव्हा एखाद्या जनावराला ताप, सूज किंवा लंगडणं दिसलं तर पशुसखीला त्याच दिवशी सांगा, नाहीतर 1962 ला फोन करा. डॉक्टर विचारतील, "गेल्या महिन्यात नवीन जनावर आणलं का? कळप बसवला होता का?" त्या तारखा गटाच्या वहीत लिहिलेल्या असल्या तर आठवत बसावं लागणार नाही.