ओढलं की चिवट होणारं प्लास्टिक

मिठाईच्या पारदर्शक डब्यावर त्रिकोणात १ हा आकडा असेल, तर त्याच्या सपाट झाकणाची तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा आणि पकडीत धरून सावकाश ओढा. आधी ती दाद देत नाही. मग अचानक एका जागी तिची कंबर बारीक होते. आता तुटणार, असं वाटतं, पण होतं भलतंच. बारीक झालेला भाग आणखी ताणायला तयार नसतो. शेजारचा जाड भागच हार मानतो आणि कंबर पट्टीभर लांबत जाते.

हे प्लास्टिक म्हणजे पीईटी. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत विणलं जाणारं पॉलिएस्टर कापड याच रेणूंचं आणि बोईसर स्टेशनवर मिळणारी पाण्याची बाटलीही याचीच. धागा असो वा बाटली, बळ येतं ते ताणण्यातूनच. ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्युलियन हिल यांनी १९३० मध्ये पॉलिएस्टरचा धागा थंड असतानाच ओढला आणि तो कित्येक पट लांब होऊन मजबूत झाला.

साधारण ७५ अंश सेल्सियसच्या खाली पीईटीचे लांबलचक रेणू थिजलेले असतात, सातपाटीच्या किनाऱ्यावर पडलेल्या जुन्या दोरांच्या गुंत्यासारखे. ओढ बसली की दोर सरळ होतात आणि गाठी आवळतात. सीडीच्या कडक डब्यातल्या पॉलिस्टायरिनमध्ये हा गुंता विरळ असतो. म्हणून तो डबा वाकवला की पांढरट पडून तडकतो.

१९६८ मध्ये हॉवर्ड आणि थॅकरे यांनी या गुंत्याला रबराचं जाळं मानून गणित मांडलं. पण मोजमाप जुळेना. थिजलेल्या प्लास्टिकचं कडक होणं रबराच्या हिशेबापेक्षा सुमारे शंभरपट निघतं. शिवाय थंड केल्यावर रबराची ओढ कमी होते, इथे मात्र वाढते. म्हणजे गाठी एकट्या पुरत नाहीत. ताणताना रेणूचा प्रत्येक तुकडा थिजलेल्या शेजाऱ्यांतून रेटून न्यावा लागतो आणि ताण वाढेल तसे असे अधिकाधिक तुकडे एकाच वेळी हलवावे लागतात. गाठींपेक्षा हा रेटाच महाग पडतो.

ताणलेली पट्टी उकळत्या पाण्यात टाका. शेजारी सैल पडतात, रेणू पुन्हा गोळा होऊ लागतात आणि पट्टी बरीच आक्रसते. पाण्याच्या बाटलीत गरम चहा ओतू नये, तो याच कारणाने.