यकृताचे घड्याळ

जेवणात काय असावे आणि किती असावे याची चर्चा आपल्याकडे घरोघर चालते. जेवण केव्हा असावे, हा प्रश्न मात्र बहुधा शिस्तीचा किंवा धर्माचा समजला जातो. वडीलधारी माणसे 'वेळेवर जेवा' म्हणून बजावतात, जैन कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. परंतु या वेळेचा शरीराच्या आतील व्यवहाराशी काय संबंध, हे सहसा कोणी विचारीत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत या संबंधाचा शोध बराच पुढे गेला असून, त्यात सर्वांत लक्षणीय माहिती हाती आली आहे ती यकृताविषयी. आपण ज्याला काळीज म्हणतो आणि ज्याचा अर्थ सर्रास हृदय असा करतो, ते काळीज म्हणजे मुळात यकृतच. खाटकाकडे कलेजी मागणाऱ्यास हे सांगावयास नको.

यकृताचे वजन सुमारे दीड किलो. आतड्यांतून शोषलेल्या अन्नरसाचा बराचसा भाग रक्तावाटे प्रथम येथेच येतो. जेवण झाले की आलेल्या साखरेपैकी काही यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते आणि पोट रिकामे असता तोच साठा मोडून रक्तातील साखर टिकवून धरते. हा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. रात्रीच्या उपासाला पुरेल, फार पुढे नाही. भरणे आणि खर्चणे ही दोन परस्परविरुद्ध कामे एकाच जागी चालावयाची, तर त्यांच्या वेळा वेगळ्या असलेल्या बऱ्या, नाही तर सगळाच आतबट्ट्याचा व्यवहार. स्वीडनमधील एरिक फोर्सग्रेन यांनी १९२० नंतरच्या दशकात सशांच्या यकृतात नेमके हेच पाहिले: ग्लायकोजेन साठण्याची वेळ आणि पित्त अधिक तयार होण्याची वेळ दिवसाच्या चोवीस तासांत आलटूनपालटून येत असे.

या वेळा पाळण्यासाठी पेशीजवळ घड्याळ आहे. ते कसे चालते, हे समजण्यास आपल्या लग्नातील घटिकापात्र आठवावे. तळाशी बारीक छिद्र असलेली ती वाटी घंगाळातील पाण्यावर सोडली की हळूहळू भरते, भरली की बुडते, मग ती रिकामी करून पुन्हा सोडावयाची. पेशीत काही जनुके एक प्रकारची प्रथिने तयार करवितात. ही प्रथिने पुरेशी साठली की ती आपल्याच जनुकांचे काम थांबवितात. पुढे ती झिजून नाहीशी झाली की काम पुन्हा सुरू होते. या एका फेऱ्यास सुमारे चोवीस तास लागतात. फळमाशीवर काम करून ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या अमेरिकन संशोधकांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अशी घड्याळे शरीरात जवळजवळ सर्वत्र आहेत. त्यांतील मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकींस छेदतात त्याच्या लगेच वर, सुमारे वीस हजार पेशींच्या जोडपुंजक्यात आहे. डोळ्यांवाटे आलेला उजेड त्याला रोज लावतो. बाकीची घड्याळे त्याच्या हुकमतीत चालतात, अशी पूर्वी समजूत होती, आणि ती बव्हंशी खरीही आहे. पण यकृत सर्वस्वी आज्ञाधारक नाही.

उंदीर हा निशाचर प्राणी. रात्री खातो, दिवसा झोपतो. जिनिव्हा येथील शिब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांना फक्त दिवसा अन्न दिले. २००० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, आठवड्याभरात यकृताचे घड्याळ जवळजवळ पूर्ण उलटे झाले, मेंदूचे मात्र होते तेथेच राहिले. मूत्रपिंड आणि हृदय यांचीही घड्याळे सरकली, पण यकृताइतक्या लवकर नव्हे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मेनाकर यांच्या प्रयोगशाळेने मोठ्या जातीच्या उंदरांवर असाच प्रयोग केला. त्यांच्या पेशींत काजव्याला प्रकाश देणारे जनुक घातलेले होते, त्यामुळे यकृताचा तुकडा बाजूला काढून ठेवला तरी तो घड्याळाप्रमाणे कमीजास्त उजळे. जेवणाची वेळ बदलताच दोन दिवसांत यकृत दहा तास सरकले. एकाच देहात मेंदूच्या हिशेबी रात्र आणि यकृताच्या हिशेबी दिवस! जेवणानंतर रक्तात वाढणारे इन्सुलिन घड्याळाची प्रथिने वाढविते, हे या निरोपाचे एक साधन असल्याचे २०१९ साली दिसून आले.

माणसाचे काय? निरोगी माणसाच्या यकृताचा तुकडा दर चार तासांनी काढता येत नाही, म्हणून पुरावा आडून मिळवावा लागतो. इंग्लंडमधील सरे विद्यापीठात दहा पुरुषांची तिन्ही जेवणे पाच तास पुढे ढकलली. रक्तातील साखरेची लय साडेपाच तासांहून थोडी अधिक मागे पडली. मेलॅटोनिनची, म्हणजे मेंदूच्या घड्याळाची लय जागची हलली नाही. हे २०१७ सालचे. २०२१ साली बॉस्टनच्या संशोधकांनी एकोणीस माणसांना प्रयोगशाळेत रात्रपाळी करावयास लावली. रात्रीही जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. जागरण तेवढेच करून जेवण दिवसाच घेणाऱ्यांची तशी वाढली नाही.

आता वेळ पाळली की वजन उतरते, अशी जाहिरात ऐकू येते. त्यास आमचा आक्षेप आहे. चरबीयुक्त खाद्य आठ तासांतच मिळणारे उंदीर तितकेच खाऊनही लठ्ठ झाले नाहीत आणि त्यांच्या यकृतात चरबी कमी साठली, हे २०१२ साली सच्चिदानंद पांडा यांच्या प्रयोगशाळेने दाखविले, हे खरे. पण चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत, मोजके खाणारे आणि तेवढेच मोजके पण सकाळी आठ ते दुपारी चार यांतच खाणारे, यांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. उंदराचा एक दिवस म्हणजे माणसाचा एक दिवस नव्हे.

खरी गरज आहे ती रात्रपाळीच्या परिचारिकेस, पहारेकऱ्यास, कारखान्यातील कामगारास. त्यांना जागरण टाळता येत नाही. मध्यरात्री दोनला उघडणारा डबा संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी घरीच संपविता येईल काय, एवढे मात्र त्यांना पाहता येते. आणि त्यांच्यापैकी कोणी मधुमेहाचे औषध घेत असेल, तर जेवणाची वेळ हलविण्यापूर्वी त्याने डॉक्टरांस विचारावे, कारण त्या गोळीची वेळही जेवणाशीच बांधलेली असते.