अतिरेकी नियंत्रण आणि बालकाच्या शरीरातील ताण

मूल वर्गात वरचेवर भांडते, हाती येईल ते फेकते किंवा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता गप्प बसून राहते, अशी तक्रार आली की घरात शिस्त कमी पडते, असे अनुमान सर्रास काढले जाते. कित्येकदा ते खरेही असते. परंतु ज्या घरात मुलाला एकही गोष्ट स्वतःच्या मनाने करू दिली जात नाही, तेथील मुलांतही हेच वर्तन दिसून येते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

भीतीचा अथवा अपमानाचा प्रसंग आला म्हणजे मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पोष ग्रंथीला, आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना रासायनिक संदेश पाठविते. त्यांतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात मिसळते. प्रसंगानंतर सुमारे २० ते ३० मिनिटांनी त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. ते लाळेतूनही मोजता येत असल्याने मुलाला सुई टोचावी लागत नाही. ही व्यवस्था मुळात हितकारकच आहे; मात्र प्रसंग सरल्यावर ती निवळली पाहिजे. जन्मतः बालकाला हे स्वतःहून फारसे साधत नाही. आईने उराशी धरले की ते शांत होते आणि पुढे अनुभवाने स्वतःला सावरू लागते. ठोकळ्यांचा मनोरा कोसळला, मूल रडले, पुन्हा रचू लागले, हा त्याचा सरावच होय. दर वेळी मोठ्यांनी मनोरा स्वतःच रचून दिला तर हा सराव घडत नाही. वर ती मंडळी रागावली, तर जेथे धीर मिळावयाचा तेथूनच ताण येतो.

निकोल पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४२२ मुलांची वयाच्या दुसऱ्या, पाचव्या व दहाव्या वर्षी पाहणी केली होती. कशाशी व कसे खेळावे, खेळणी कशी आवरावीत, हे सारे ज्यांच्या माता ठरवीत, अशा दोन वर्षांच्या मुलांना पाचव्या वर्षी भावना आणि वर्तन आवरणे अधिक जड गेले. ज्यांना पाचव्या वर्षी हे साधले होते, त्यांचे दहाव्या वर्षी वागणे व अभ्यास तुलनेने बरे होते. अर्थात हा केवळ परस्परसंबंध आहे. मूल मुळातच हट्टी असले तर पालकही अधिक कडक होतात, हे कोणत्याही घरात पाहावयास मिळते.

नियमच नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. विहिरीच्या काठाशी जाऊ नये, दिवेलागणीपूर्वी घरी यावे, ही बंधने हवीतच. ब्रायन बार्बर यांनी १९९६ साली वर्तनावरील नियंत्रण आणि मनावरील नियंत्रण असा भेद स्पष्ट केला. ‘असे केलेस तर तुझ्याशी बोलणार नाही,’ ही धमकी दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि आपल्याकडे ती फारच सहज दिली जाते.

शिक्षकांनी यात एक काळजी घ्यावी. तक्रारीची चिठ्ठी घरी गेली की पुष्कळदा मुलाला मार बसतो, खेळणे बंद होते आणि पहारा वाढतो. ताणही तितकाच वाढतो. त्यापेक्षा पालकांना शाळेत बोलावून मुलाचा दिनक्रम विचारावा. त्यातील कोणते अर्धा-एक तास मूल स्वतःच्या इच्छेने घालविते, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. झोप मोडणे, वारंवार पोट दुखणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, अशी लक्षणे काही आठवडे टिकली तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे.