प्रत्यारोपण मूत्रपिंडाचे, परीक्षा हृदयाची

आईचे मूत्रपिंड मुलाला द्यायचे ठरते. रक्तगट जुळतो, क्रॉसमॅचचा अहवालही अनुकूल येतो. आता केवळ शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची उरली, असे घरच्यांना वाटत असतानाच मूत्रपिंडविकारतज्ज्ञ रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतात. 'आजार किडनीचा, मग तपासण्या हृदयाच्या कशासाठी?' हा प्रश्न अशा प्रत्येक कुटुंबाला पडतो. खर्च वाढतो, दिवस लांबतात आणि डॉक्टर काही लपवत तर नाहीत ना, अशी शंकाही मनात डोकावते.

या प्रश्नाचे उत्तर मूत्रपिंड आणि हृदय यांच्या निकटच्या नात्यात आहे. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. प्रत्यारोपण यशस्वी झाल्यानंतरही हा धोका संपत नाही. बसवलेले मूत्रपिंड उत्तम काम करीत असताना रुग्ण दगावतो, तेव्हा त्यामागेही अनेकदा हृदयविकारच असतो. अशा वेळी रुग्णाचा जीव जातोच, शिवाय दात्याने दिलेले दानही वाया जाते.

हृदयावर दुहेरी भार

मूत्रपिंडे निकामी झाली की शरीरात पाणी आणि क्षार साठतात व रक्तदाब वाढतो. रक्तक्षय होतो आणि तेवढाच प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला अधिक काम करावे लागते. त्यामुळे डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. रक्तातील फॉस्फरस वाढल्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठून त्या कडक होतात. डायलिसिससाठी हातावर केलेल्या फिस्टुलामुळेही हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढते. मूत्रपिंडे ज्यामुळे खराब झाली तो मधुमेह किंवा उच्च रक्तदाब हृदयालाही आधीपासूनच पोखरत असतो, हे वेगळेच.

अडचण अशी, की हा विकार बहुधा मुका असतो. मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेल्या रुग्णाला छातीत कळ येईलच असे नाही. अशक्तपणामुळे तो फारसा चालत-फिरत नाही, त्यामुळे हृदयाची दमछाक उघडकीस येत नाही. जिना चढताना लागणारी धाप रक्तक्षयामुळे असेल, असे मानून सोडून दिली जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र भूल, रक्तदाबातील चढ-उतार आणि शिरेतून दिले जाणारे भरपूर द्रव यांचा ताण हृदयावर एकाच वेळी पडतो. नंतर आयुष्यभर घ्यावयाच्या औषधांपैकी काहींमुळे रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही वाढू शकते.

कोणती तपासणी काय सांगते?

पहिली पायरी म्हणजे तपशीलवार चौकशी, शारीरिक तपासणी आणि ईसीजी. टू-डी इको तपासणीत हृदयाची आकुंचनशक्ती, झडपांची स्थिती आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब समजतो. दोन वर्षांहून अधिक काळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची ही तपासणी करावी, अशी शिफारस 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. अंगात पाणी साठलेले असताना केलेला इको दिशाभूल करू शकतो. म्हणून डायलिसिसनंतर, वजन योग्य पातळीवर असताना तो करणे हितावह ठरते.

ट्रेडमिलवर चालवून घेतलेली स्ट्रेस टेस्ट या रुग्णांत फारशी उपयोगी पडत नाही. हृदयाचे ठोके पुरेसे वाढेपर्यंत अनेकांना चालवतच नाही, शिवाय ईसीजीत मुळातच बदल झालेले असतात. त्याऐवजी डोब्युटामिन हे औषध शिरेतून देऊन, हृदयाची गती वाढवून इको केला जातो. किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा पाहणारा स्कॅन हा दुसरा पर्याय. या चाचण्याही अचूकतेची हमी देत नाहीत.

अडथळ्याचे नेमके चित्र अँजिओग्राफीत दिसते. परंतु तिच्यात वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्यामुळे, डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांची उरलीसुरली क्षमताही घटू शकते. फिस्टुलासाठी हाताच्या रक्तवाहिन्या जपायच्या असल्याने ही तपासणी मनगटाऐवजी जांघेतून करण्याकडे कल असतो.

सर्वांना सर्व तपासण्या नकोत

येथेच वैद्यकशास्त्राची भूमिका गेल्या काही दशकांत बदलली आहे. १९९२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अमेरिकेतील एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या प्रत्यारोपणाच्या २६ उमेदवारांपैकी निम्म्यांना केवळ औषधे देण्यात आली, तर उरलेल्यांच्या अडथळ्यांवर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करण्यात आले. औषधांच्या गटातील १३ पैकी १० जणांना, तर दुसऱ्या गटातील १३ पैकी दोघांनाच हृदयविकाराचा गंभीर त्रास झाला. अडथळा शोधा आणि काढा, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. मात्र आज सर्रास दिली जाणारी स्टॅटिनसारखी औषधे त्या उपचारांत नव्हती.

२०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया-सीकेडी' या अभ्यासाने वेगळे चित्र समोर आणले. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्या आणि स्ट्रेस टेस्टमध्ये दोष आढळलेल्या ७७७ रुग्णांचा त्यात समावेश होता. आधी अँजिओग्राफी व गरजेनुसार अडथळा दूर करणे आणि आधी केवळ औषधे देणे, या दोन्ही गटांत तीन वर्षांतील मृत्यू किंवा हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण ३६ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. पहिल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण उलट अधिक आढळले. मात्र हृदयाची शक्ती फार क्षीण झालेले, मुख्य डाव्या रक्तवाहिनीत अडथळा असलेले किंवा छातीत तीव्र वेदना होणारे रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लागू करता येत नाही.

याचा अर्थ तपासणी निरर्थक आहे, असा नव्हे. ती कोणाची करायची आणि निष्कर्षाचे काय करायचे, हे आधी ठरवावे लागते. मधुमेह, पूर्वीचा हृदयविकार, एक वर्षाहून अधिक काळ डायलिसिस, हृदयाच्या डाव्या कप्प्याची जाडी, साठीपुढील वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल असे आठ जोखीमघटक अमेरिकन हार्ट असोसिएशन व अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी यांनी २०१२ मध्ये मांडले. त्यांपैकी तीन किंवा अधिक घटक असल्यास लक्षणे नसतानाही स्ट्रेस टेस्टचा विचार करावा, असे त्यांनी सुचवले. लक्षणे नसलेल्या रुग्णाची केवळ शस्त्रक्रियेतील धोका टाळण्यासाठी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करू नये, असे 'केडिगो' सांगते.

वाट पाहण्याचीही किंमत

अनावश्यक स्टेंटचा तोटा खर्चापुरता मर्यादित नसतो. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे सहसा काही महिने घ्यावी लागतात आणि तोवर प्रत्यारोपण लांबणीवर पडते. डायलिसिसवर काढलेला प्रत्येक महिना हृदयाची हानी वाढवणारा असतो. याउलट, नवे मूत्रपिंड कधी कधी हृदयालाही सावरते. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयाची आकुंचनशक्ती ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १०३ रुग्णांत ती प्रत्यारोपणानंतर वर्षभरात सरासरी सुमारे ३२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली. त्यामुळे कमजोर हृदय म्हणजे प्रत्यारोपणाला कायमचा नकार, असे समजण्याचे कारण नाही.

जिवंत दाता असेल तर तारीख आणि तपासण्या यांचा मेळ घालता येतो. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत असलेल्या रुग्णाला मात्र कधीही दूरध्वनी येऊ शकतो आणि निर्णयाला काही तासच मिळतात. यादीत नाव नोंदवताना केलेला इको तोवर जुना झालेला असतो. अशा रुग्णांनी अहवाल एकत्र ठेवावेत. नव्याने लागणारी धाप, छातीतील जडपणा, चक्कर किंवा डायलिसिसदरम्यान वारंवार उतरणारा रक्तदाब यांची माहिती डॉक्टरांना लगेच द्यावी. आणि कोणतीही तपासणी सुचवली गेली, की 'हिच्या निष्कर्षाने उपचारांत काय बदल होईल?' हा प्रश्न निःसंकोचपणे विचारावा.